दाखले मोजून काय होणार?

अमेरिकेत दूषित जमिनींच्या साफसफाईसाठी बेरोजगार रहिवाशांना प्रशिक्षण देणाऱ्या योजना आहेत. अर्थसंकल्पाचे दिवस आले की त्यांच्यावरून वाद पेटतो आणि दर वेळी त्याच दोन चाकोऱ्यांतून फिरत राहतो. एक बाजू म्हणते, ज्या वस्तीने कारखान्यांचं विष पिढ्यान्‌पिढ्या सोसलं तिथल्या बेकार माणसाच्या हाताला कसब मिळत असेल, तर सरकारने हात आखडता का घ्यावा? दुसरी म्हणते, सरकारी प्रशिक्षणांचा इतिहास पाहा. पैसा जातो संस्थांना आणि माणूस दाखला घेऊन घरीच बसतो. पुरावा म्हणून मात्र दोघांच्याही हातात एकच कागद असतो: किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला आणि किती जण कामाला लागले. ‘ब्राउनफील्ड’ म्हणजे प्रदूषणाच्या संशयामुळे पडून राहिलेल्या जुन्या औद्योगिक जागा. त्यांच्या साफसफाईच्या कामांसाठी पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, १९९८ पासून प्रशिक्षणाला अनुदान देते. तिच्याच हिशेबाने आजवर वीस हजारांहून जास्त लोकांनी हे प्रशिक्षण पूर्ण केलं आणि त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना काम मिळालं. समर्थक हा आकडा पुढे करतात, विरोधक विचारतात की त्यातलं टिकलं किती. पण ज्या दूषित जमिनीच्या कुंपणाला लागून ही माणसं राहतात, ती जमीन साफ होत असताना त्या कामाचे किती पगारी तास त्यांच्या वाट्याला आले, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

हे प्रशिक्षण हवंच, आणि आज आहे त्याहून जास्त हवं, असं माझं ठाम मत आहे. पण ते आज जसं मोजलं जातं आणि ज्या क्रमाने दिलं जातं, त्यात मूळ चूक आहे. आधी माणसं शिकवायची आणि मग त्यांच्यासाठी काम शोधत हिंडायचं, हा उलटा कारभार आहे. साफसफाईचं कंत्राट निघतानाच त्यात स्थानिकांच्या कामाचे तास लिहिलेले हवेत आणि प्रशिक्षण त्या तासांना जोडलेलं हवं. यश मोजायचं तर त्या तासांनी. दाखल्यांच्या संख्येवरून काहीच कळत नाही.

हे प्रशिक्षण मुळात आलं कुठून याचा विसर पडल्यामुळे निम्मा घोळ झाला आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खणलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात एका रसायन कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती लोटली आणि ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला देऊन टाकली. तिथे शाळा उभी राहिली, आजूबाजूला घरं झाली. तळघरांत रसायनं झिरपू लागली, १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि डिसेंबर १९८० मध्ये अशा विषारी जागांच्या साफसफाईचा ‘सुपरफंड’ कायदा आला. त्या कायद्यात जमिनीचा विचार होता. जमीन साफ करणाऱ्याचा फारसा नव्हता. तो आला १९८६ च्या दुरुस्तीतून. तिने कामगार सुरक्षेच्या संस्थेला, म्हणजे ओशाला, नियम करायला भाग पाडलं आणि १९९० पासून ‘हॅझवोपर’ हा नियम लागू झाला. घातक कचऱ्याच्या जागेवर नियमित काम करणाऱ्याने आधी जागेबाहेर किमान ४० तासांचं शिक्षण घ्यायचं, मग अनुभवी पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली किमान तीन दिवस प्रत्यक्ष काम करायचं आणि पुढे दर वर्षी ८ तासांची उजळणी करायची. पर्यवेक्षकाला त्यावर आणखी ८ तास.

म्हणजे हे ४० तास हा त्या जागेच्या फाटकाचा परवाना आहे. टायपिंग किंवा संगणकाचा वर्ग केला नाही तरी माणूस कुठेतरी चिकटू शकतो. हा दाखला नसेल तर त्या फाटकातून आत पाऊल टाकता येत नाही. मग होतं असं की तीन राज्यांपलीकडची कंपनी आपली दाखलेवाली टोळी घेऊन येते, मोटेलात उतरते, दोन वर्षं माती उपसते आणि निघून जाते. शेजारच्या घरातला बेकार माणूस कुंपणाबाहेरून नुसता बघत राहतो. त्याच्यासाठी नियम नवा नाही, भिंत नवी आहे. ही भिंत सरकारने कामगारांच्या भल्यासाठीच बांधली आणि ती योग्यच होती. पण भिंत बांधणाऱ्याने तिच्यात दार ठेवायला नको का? प्रशिक्षणाचा खर्च म्हणजे त्या दाराचा खर्च. त्याला मदत किंवा उपकार म्हणणं चुकीचं आहे.

या ४० तासांत शिकवतात काय, हे ठाऊक नसलेले लोक त्याला ‘आठवड्याभराचा कोर्स’ म्हणून झटकून टाकतात. वायूमापकाचंच घ्या. खड्ड्यात किंवा टाकीत उतरण्याआधी आतली हवा मोजायची, तीही ठरलेल्या क्रमाने: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. हा क्रम कशासाठी? नेहमीच्या मापकातला ज्वलनशील वायूचा सेन्सर आपल्या तापलेल्या मण्यावर तो वायू जाळून आकडा देतो. आत ऑक्सिजनच पुरेसा नसेल तर मण्यावर काही जळत नाही, आणि खड्डा मिथेनने भरलेला असताना पडद्यावर निर्धोक आकडा दिसतो. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की साधा गाळणीचा मास्क लावून आत जायचं नाही, कारण मास्क हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. सेंद्रिय वाफा मोजणाऱ्या फोटोआयनायझेशन यंत्राचीही अशीच मर्यादा आहे. त्यातल्या नेहमीच्या दिव्याची ऊर्जा १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट; ती कमी पडते आणि मिथेन त्याला दिसतच नाही. यंत्र शून्य दाखवतंय म्हणजे हवा स्वच्छ आहे, ही समजूत जिवावर बेतते आणि नवखा माणूस नेमकी तीच घेऊन येतो.

संरक्षक पोशाख उतरवण्याचं तसंच. जागेचे तीन पट्टे आखलेले असतात: आतला दूषित पट्टा, मधला धुण्या-उतरवण्याचा पट्टा आणि बाहेरचा स्वच्छ पट्टा. दमलेला, घामाने निथळणारा माणूस मधल्या पट्ट्यात आला की पहिल्यांदा तोंडावरचा मास्क ओढून काढतो. सूटवरची धूळ अजून तशीच असते आणि पुढच्या दोन मिनिटांत ती त्याच्या नाकात जाते. बरोबर क्रम असा: बूट आणि बाहेरचे हातमोजे धुवायचे, मनगटावरची आणि घोट्यावरची चिकटपट्टी सोडवायची, बाहेरचे हातमोजे आणि बूट काढायचे, सूट आतली बाजू बाहेर करत गुंडाळत उतरवायचा, त्यानंतर मास्क, आणि सगळ्यात शेवटी आतले हातमोजे. चिकटपट्टी लावतानाच तिचं टोक दुमडून ठेवायचं असतं, नाहीतर जाड हातमोज्यांनी ती सुटत नाही आणि माणूस वैतागून सूट फाडतो. असल्या गोष्टी फळ्यावर लिहून हातात उतरत नाहीत. वीस वेळा पोशाख चढवून उतरवावा लागतो.

आणि यात फक्त कामगाराचा जीव पणाला लागत नाही. भूजलाचा नमुना घ्यायची ४० मिलिलिटरची काचेची कुपी असते. ती काठोकाठ, पाण्याला वर फुगवटा येईल इतकी भरायची, झाकण लावायचं, उलटी करून बोटाने टिचकी मारायची आणि बुडबुडा दिसतो का ते बघायचं. बुडबुडा दिसला तर कुपी टाकून द्यायची आणि नवी भरायची. तीच उघडून वरून पाणी घालायचं नाही, कारण आत आधीच घातलेलं आम्ल वाहून जातं. एवढा काटेकोरपणा कशाला? बेंझिनसारखी उडून जाणारी रसायनं त्या बुडबुड्यातल्या हवेत निसटतात आणि प्रयोगशाळेत पोचलेलं पाणी खऱ्याहून स्वच्छ निघतं. नमुना घेणाऱ्याची एक निष्काळजी टिचकी, आणि दूषित विहीर कागदावर निर्धोक ठरते. त्या विहिरीच्या शेजारी ज्याची मुलं वाढतात तो माणूस ही कुपी दुसऱ्यांदा भरायचा कंटाळा करेल, की चार दिवसांनी पुढच्या राज्यात जाणारा? स्थानिक माणूस जात्याच प्रामाणिक असतो असा माझा दावा नाही. पण त्याचं हित आणि कामाचा दर्जा एकाच दिशेला असतात, आणि कुठल्याही व्यवस्थेत ही फार मोठी गोष्ट असते. जागेची प्राथमिक तपासणी करताना जुन्या रहिवाशांच्या मुलाखती घेण्याची रीत आहे. पिंपं कुठे पुरली, ओढ्याला कोणत्या रंगाचं पाणी यायचं हे त्यांना ठाऊक असतं. माहिती देण्यापुरता रहिवासी चालतो, मग पगाराच्या वेळी तो का चालू नये?

आता विरोधकांच्या म्हणण्याकडे येतो. त्यातलं बरंचसं खरं आहे. पहिला मुद्दा असा की, सरकारी प्रशिक्षणांची फळं आजवर तुटपुंजी आहेत. १९८२ च्या जॉब ट्रेनिंग पार्टनरशिप कायद्याखालच्या कार्यक्रमांची सरकारनेच मोठी पाहणी करवली. अर्जदारांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून तुलना केली, तेव्हा प्रौढांच्या कमाईत माफक वाढ दिसली आणि तरुणांच्या कमाईत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. त्याच कायद्यात संस्थांचं यश नोकऱ्यांच्या आकड्यावर मोजलं जाई. मग संस्थांनी साहजिकच साय खायला सुरुवात केली: ज्यांना तसंही काम मिळालं असतं अशी माणसं निवडायची आणि त्यांच्या नोकऱ्या आपल्या खात्यावर मांडायच्या. हे नाकारून चालणार नाही. पण त्यातून निष्कर्ष कोणता निघतो? प्रशिक्षण निरुपयोगी असतं, हा की मोजमाप चुकलं तर प्रशिक्षणही चुकतं, हा? २०१० मध्ये आणखी एका अभ्यासाचे निकाल आले. त्यातले कार्यक्रम ठरावीक क्षेत्रासाठी, नोकरी देणाऱ्यांना आधीपासून बरोबर घेऊन आखलेले होते. तिथे प्रशिक्षण घेतलेल्यांची दोन वर्षांतली कमाई, न घेतलेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी जास्त निघाली. त्यातली मिलवॉकीची संस्था तर उद्योगाकडून मागणी आल्यावर छोटे अभ्यासक्रम आखत असे. आधी मागणी, मग वर्ग. फरक एवढाच, पण सगळं त्यात आलं.

दुसरा मुद्दा: साफसफाई एकदा झाली की संपली, मग शिकलेला माणूस काय करणार? एका जागेपुरतं हे खरं आहे आणि समर्थकांनी ते लपवू नये. पण ज्यांनी एखादी जागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली आहे त्यांना ठाऊक असतं की ‘काम’ ही एकच गोष्ट नसते. आधी तपासणी आणि नमुने, त्याला कित्येकदा वर्षं लागतात. मग उपायाचा निर्णय, मग आराखडा. मग उत्खनन, वाहतूक, भरणी. त्यानंतर बहुतेकांच्या लक्षात न येणारा टप्पा सुरू होतो: भूजल उपसून शुद्ध करणारी यंत्रणा चालवणं, निरीक्षण-विहिरींचे नमुने घेत राहणं, मातीच्या आच्छादनाला भेगा पडल्या का ते तपासणं. हे दशकानुदशकं चालतं. जागेवर दूषित द्रव्य शिल्लक असेल तर दर पाच वर्षांनी फेरतपासणी करणं सुपरफंड कायद्याने बंधनकारकच आहे. खणण्याचं काम दोन वर्षांत आटोपतं, पण पंपाचं काम नोकरीइतकं लांब असतं. आणि आज प्रशिक्षणात भर कशावर असतो? मुख्यतः खणण्यावर. पंपाच्या देखभालीचं, क्लोरिनेटेड द्रावकांनी, म्हणजे तेल-ग्रीस काढणाऱ्या औद्योगिक रसायनांनी, भरलेला कार्बनचा फिल्टर कधी बदलायचा हे ओळखण्याचं प्रशिक्षण त्या मानाने कमी मिळतं. एका जागेबाहेर पाहिलं तर देशभरात ब्राउनफील्डची संख्या साडेचार लाखांहून अधिक असावी, असा ईपीएचा अंदाज आहे. त्याशिवाय शाळांतलं ॲस्बेस्टॉस आलं, १९७८ पूर्वीच्या घरांतला शिशाचा रंग आला, जमिनीखालचे शिशाचे नळ आले. काम संपेल ही भीती इतक्यात बाळगण्याचं कारण नाही.

नळांवरून नेवार्क आठवतं. न्यू जर्सीतल्या या शहराने २०१९ पासून सुमारे तीन वर्षांत २३ हजारांच्या आसपास शिशाचे जोडनळ बदलले, आणि ते करताना शहरातल्या बेरोजगार रहिवाशांना शिकवून कामावर घेतलं. तिथे क्रम बरोबर होता. कर्जरोख्यांतून पैसा उभा राहिला होता, नळ किती आणि कुठल्या गल्लीत हे समोर होतं, आणि मग त्या कामासाठी माणसं तयार केली. सुपरफंडच्या जागांवरही ईपीएचा एक छोटा उपक्रम याच तत्त्वावर चालतो. काम करणारी कंपनी आधी सांगते की तिला अमुक माणसं लागतील. मग परिसरातून उमेदवार निवडायचे, शिकवायचे आणि थेट त्या जागेवर पाठवायचे. याचा पसारा लहान आहे, पण पद्धत हीच असायला हवी. ‘मग अडचण कुठे आहे?’ असं कुणी विचारेल. अडचण अशी की हा अपवाद आहे. बाकी बहुतेक अनुदानं प्रशिक्षण संस्थेला मिळतात आणि कंत्राट वेगळ्याच खिडकीतून निघतं. दोन्ही खिडक्यांची गाठ पडत नाही.

याचा सगळ्यात मोठा फटका त्या तीन दिवसांना बसतो. ४० तास वर्गात होतात, पण देखरेखीखालचे तीन दिवस प्रत्यक्ष जागेवर काढायचे तर नोकरी देणारा हवा. तो नसला की माणूस अर्ध्या परवान्यानिशी घरी येतो. वर्ष उलटतं, ८ तासांची उजळणी कुणी करून देत नाही. मग एखादी कंपनी आली तरी ती म्हणते, याचं शिक्षण शिळं झालं. शिवाय बारीक दिसणाऱ्या पण माणूस गळायला लावणाऱ्या गोष्टी आहेत. दूषित जागा बसच्या मार्गावर नसतात आणि काम पहाटे सहाला सुरू होतं; वाहन परवाना नसलेला उमेदवार पहिल्याच आठवड्यात गळतो. शिकण्याच्या आठवड्यांत विद्यावेतन नसेल तर घर चालवणारी बाई वर्गात बसूच शकत नाही. मास्कच्या कडा चेहऱ्याला घट्ट बसतात की नाही याची चाचणी दाढीवाल्याला देताच येत नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलं नाही तर श्रद्धेपायी दाढी न काढणारा कुणी शेवटच्या दिवशी बाहेर पडतो. त्याच्यासाठी सैल टोपाचा, पंख्याने हवा पुरवणारा श्वसनसंच मागवता आला असता. ‘लोकांना कामच नको असतं’ असं म्हणणाऱ्यांनी आधी या गळतीचा हिशेब मांडावा.

तिसरा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि तो बहुतेकदा डाव्या बाजूने येतो: ज्यांनी प्रदूषण भोगलं त्यांनाच आता ते हाताने उपसायला लावता? धोक्याचं काम गरिबाच्या गळ्यात बांधण्याला तुम्ही न्याय म्हणता? या प्रश्नाला इतिहासाचं भक्कम पाठबळ आहे. १९३० मध्ये, महामंदीच्या काळात, वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट इथे डोंगरातून बोगदा खणायला सुरुवात झाली. कामाच्या शोधात आलेले हजारो बेकार लोक, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, जवळजवळ शुद्ध सिलिकाच्या, म्हणजे ज्याची धूळ फुप्फुसं निकामी करते अशा, खडकात कोरडं ड्रिलिंग करत होते. पाणी मारून धूळ बसवता येते हे तेव्हाही माहीत होतं. पाण्याने काम मंदावतं म्हणून मारलं नाही. कामगारांना मास्क नव्हते. १९३६ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, समितीपुढे ४७६ मृत्यूंचा आकडा आला. पुढच्या काळातल्या संशोधनाने अंदाज ७६४ पर्यंत नेला. भुकेला माणूस धोक्याला नाही म्हणत नाही, याचा याहून भयंकर दाखला शोधायला नको.

हे जुनं झालं म्हणून सोडता येणार नाही. २२ डिसेंबर २००८ रोजी टेनेसीत किंग्स्टनच्या औष्णिक वीजकेंद्राचा राखेचा बांध फुटला आणि सुमारे ४० लाख घनमीटर ओली राख नदीत आणि शेतांत पसरली. साफसफाईला शेकडो कामगार होते. धुळीपासून संरक्षण मिळालं नाही, मास्क मागितले तरी नाकारले गेले, असा त्यांतल्या अनेकांचा आरोप होता. खटला उभा राहिला आणि २०१८ मध्ये ज्यूरीने निर्णय दिला की कंत्राटदार कंपनीने पुरेशी काळजी घेतली नाही आणि त्यातून असे आजार होऊ शकतात. २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातल्या तेलगळतीनंतर मासेमारी बंद पडलेल्या किनाऱ्यावर हजारो माणसं साफसफाईला लागली. किनाऱ्यावर काम करणाऱ्या पुष्कळांना जेमतेम चार तासांचं शिक्षण मिळालं होतं. त्यांच्या आरोग्याचा मागोवा घेण्यासाठी पुढे सरकारी संस्थेला सुमारे ३३ हजार जणांचा अभ्यास हाती घ्यावा लागला.

तरीही या उदाहरणांवरून ‘रहिवाशांना या कामात आणू नका’ असा निष्कर्ष निघत नाही. स्थानिकांना वगळलं तर धोका नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या गावच्या गरिबाकडे सरकतो. हॉक्स नेस्टचे बळी मुख्यतः बाहेरून आलेले होते. त्यांचं कुणी नव्हतं, ते मेल्यावर शेजारीपाजारी प्रश्न विचारायला नव्हते. ज्या कामगाराचं घर, चर्च, नातेवाईक दोन मैलांवर आहेत त्याला खोकला लागला तर गावाला कळतं. पण माझं खरं उत्तर याच्याही पलीकडे आहे. किंग्स्टनमध्ये कामगारांना धोका कळत नव्हता असं नाही. कळत होता म्हणूनच ते मास्क मागत होते. त्यांच्याकडे ज्ञान होतं, नकाराचा अधिकार नव्हता. मास्क कसा लावायचा हे शिकवणारं आणि मास्क नसेल तर काम कसं थांबवायचं हे न शिकवणारं प्रशिक्षण अर्धवट आहे, आणि मी तर म्हणेन घातक आहे, कारण ते माणसाला सुरक्षित असल्याचा भास देतं.

म्हणून त्या ४० तासांतले काही तास पूर्णपणे या गोष्टींना द्यायला हवेत. हवेच्या नोंदी मागायच्या कुणाकडे आणि त्या वाचायच्या कशा. वर्षात ३० किंवा अधिक दिवस मास्क लावावा लागत असेल तर वैद्यकीय देखरेख हा कायदेशीर हक्क आहे, तो कसा मिळवायचा. कामावर रुजू होण्याआधीची तपासणी का महत्त्वाची: फुप्फुसांची सुरुवातीची क्षमताच नोंदवलेली नसेल तर दहा वर्षांनी ती घटली हे सिद्ध करणार कसं? वैद्यकीय नोंदी नोकरी संपल्यावर आणखी ३० वर्षं जपून ठेवायची जबाबदारी मालकावर असते, हे कामगाराला ठाऊक हवं, कारण ॲस्बेस्टॉसचा आजार उगवायला कित्येक दशकं लागतात. आणि उष्मा. हवाबंद सूटमध्ये घाम वाळत नाही, शरीर तापत जातं. १९८५ पासूनचा सरकारी मार्गदर्शक आकडा साधा आहे: विश्रांतीला बसताच नाडी मोजा, ती मिनिटाला ११० च्या वर असेल तर कामाची पुढची पाळी एक-तृतीयांशाने कमी करा. नाडी मोजायला घड्याळ आणि दोन बोटं पुरतात. पण ‘माझी १२४ आहे, मी पुढची पाळी चाळीस मिनिटांचीच करणार’ हे मुकादमाला सांगायला पाठबळ लागतं. शेजारच्याच गल्लीतले पाच जण एका टोळीत असतील तर ते पाठबळ असतं.

सरकारने बेकारांना निसर्गाच्या कामाला लावण्याची कल्पना अमेरिकेला नवी नाही. १९३३ ते १९४२ या काळात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरमध्ये सुमारे ३० लाख तरुणांनी काम केलं, तीन अब्जांहून जास्त झाडं लावली. महिन्याला ३० डॉलर मिळायचे आणि त्यातले सहसा २५ घरी पाठवावे लागायचे. समर्थक हे उदाहरण नेहमी देतात. पण त्या कामात आधी काम ठरलेलं होतं आणि माणूस पहिल्या दिवसापासून पगारावर शिकत होता, हे ते सांगत नाहीत. त्यात बायकांना जागा नव्हती आणि कृष्णवर्णीयांच्या छावण्या वेगळ्या होत्या, हेही सांगत नाहीत. पहिली गोष्ट घ्यायची आणि दुसरी टाळायची, तर भरतीचे नियम कंत्राटातच लिहावे लागतील.

ते कसे लिहायचे, याचा नमुना सरकारच्याच दप्तरात आहे. गृहनिर्माण खात्याच्या १९६८ च्या कायद्यातलं तिसरं कलम सांगतं की खात्याच्या पैशांतून होणाऱ्या कामात कमी उत्पन्नाच्या स्थानिकांना संधी द्या. बरीच वर्षं त्याचं मोजमाप ‘नव्या भरतीपैकी ३० टक्के’ असं होतं. पळवाट उघड होती: दहा जणांना शेवटच्या आठवड्यात कामावर घ्या, झाडू द्या, आकडा भरा. २०२० मध्ये नियम बदलला आणि भरतीऐवजी कामाचे तास मोजायला सुरुवात झाली: एकूण तासांपैकी २५ टक्के तास अशा कामगारांचे आणि ५ टक्के विशेष लक्ष्यगटाचे, म्हणजे त्यांतल्याच कामाच्या परिसरात किंवा सरकारी घरांत राहणाऱ्यांसारख्यांचे. तासांत लबाडी करणं अवघड असतं, कारण तास पगारपत्रकात असतात. साफसफाईच्या कामांना हाच नियम लावता येईल, फक्त एक भर घालून: तास टप्प्यांप्रमाणे वेगळे मोजा. नाहीतर कंपनी स्थानिकांचे सगळे तास ट्रक धुण्यात आणि झेंडी दाखवण्यात भरेल, आणि नमुने घेणं, पंप चालवणं, वायूमापन ही चढती शिडी बाहेरच्यांकडेच राहील.

यावर कंत्राटदारांचा आक्षेप येईल की नवख्यांमुळे काम मंदावतं आणि विमा महागतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरतं ते खरं आहे. त्याची भरपाई निविदेतच धरावी. पर्यवेक्षकाचे जादा तास हा वेगळा खर्च म्हणून लिहावा. लपवून ठेवला तर तो सुरक्षेतून वजा होतो. आणि हे सगळं करायची वेळ एकच असते. आराखडा पूर्ण होत आला आहे, निविदा अजून निघालेली नाही, मधले सहा-आठ महिने हातात आहेत. किती माणसं लागणार, कुठल्या कामाला, कुठल्या महिन्यापासून हे तेव्हा पुरेसं ठाऊक असतं. वर्ग त्याच महिन्यांत भरायला हवेत: ४० तास, ॲस्बेस्टॉस असेल तर त्याचे वेगळे ३२, पोशाखाचा सराव, वाहन परवाना, फुप्फुसांची पहिली तपासणी. देखरेखीखालचे ते तीन दिवस कंपनीच्या कामाचे पहिले तीन दिवस असावेत, आणि त्यांचा पगार पहिल्या पगारपत्रकात दिसावा.